राहत

विद्यार्थी मित्रांनो, 'राहत' हा शब्द तुम्ही घरी अनेकदा ऐकता. राहत म्हणजे आराम, दिलासा. याच नावाची एक संस्था आपल्या कोल्हापूरशेजारच्या सांगली जिल्ह्यात काम करते. तिची ओळख करून घेण्यापूर्वी मी तुम्हांला माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगतो.

गडहिंग्लजला आमच्या गल्लीत एक टांगेवाले चाचा राहत होते. त्यांचा घोडा म्हातारा झाला होता. गावात रिक्षा वाढल्या होत्या. टांग्याला गिऱ्हाईक मिळत नव्हते. घोड्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. मला त्याची फार दया येई. एके दिवशी गल्लीतल्या लग्नात पुष्कळ भात उरला. मी कोणालाही न विचारता पाटीभर भात घोड्यापुढे नेऊन ठेवला. त्याने तो अधाशासारखा खाल्ला. मला वाटले, आज आपल्या हातून नेकीचे काम घडले!

संध्याकाळी घोडा अस्वस्थ झाला. तो पुढच्या पायाने जमीन उकरू लागला. मान वळवून पोटाकडे पाहू लागला. मध्येच जमिनीवर लोळू लागला. त्याला पोटशूळ उठला होता. घोड्याला माणसासारखी उलटी होत नाही. त्यामुळे खाल्लेले बाधले, तर ते त्याच्या जिवावर बेतते. जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन औषध दिले. चाचा रात्रभर लगाम धरून त्याला हळूहळू हिंडवत राहिले. पहाटे घोडा सावरला. मी एका बाजूला रडत उभा होतो. चाचा रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "बेटा, तुझी माया खरी आहे, पण आधी मला विचारायचे होतेस."

हे वाक्य मी कधी विसरलो नाही. पुढे मोठेपणी डोरोथी ब्रुक या इंग्रज बाईंची हकीकत वाचली, तेव्हा मला चाचांचीच आठवण झाली.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेने हजारो घोडे इजिप्तकडे नेले होते. १९१८ साली युद्ध संपले. त्यांतील पुष्कळ घोडे मायदेशी न नेता तिकडेच विकून टाकले गेले. १९३० साली डोरोथीबाई कैरो शहरात आल्या. तेव्हा हे घोडे म्हातारे झाले होते आणि तरीही जड गाड्या ओढत होते. बाईंनी १९३१ साली लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट' या वर्तमानपत्राला पत्र लिहिले. ते वाचून लोकांनी पैसे पाठवले. त्या पैशांतून बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. बरेच घोडे इतके खचले होते, की त्यांना बरे करणे शक्य नव्हते. त्यांना पोटभर चारा आणि विसावा देऊन वेदनांतून मुक्त करावे लागले.

पण घोडे राबवणारे लोकही गरीबच होते. जनावर आजारी पडले तर उपचाराला त्यांच्याजवळ पैसे नसत. म्हणून १९३४ साली बाईंनी कैरोत एक दवाखाना काढला. गरिबांच्या घोड्यांवर आणि गाढवांवर तेथे विनामूल्य उपचार होऊ लागले.

आता आपल्या भागाकडे वळू. 'अ‍ॅनिमल राहत' ही संस्था २००३ साली सुरू झाली. ऊस वाहणारे बैल, ओझी वाहणारी गाढवे, टांग्याचे घोडे यांच्यावर तिचे डॉक्टर विनामूल्य उपचार करतात. थकलेल्या जनावरांसाठी संस्थेने आसराही उभारला आहे.

अशा आश्रयस्थानांत परदेशांतही कितीतरी तरुण स्वयंसेवक म्हणून जातात. तुम्हांला वाटेल, तेथे घोड्यावर बसून रपेट करायला मिळत असेल! तसे नसते. पहाटे उठून लीद काढायची, ताजे पाणी भरायचे, खरारा करायचा, खुरांत अडकलेले खडे काढायचे, अशी ही कामे असतात. घोड्याला नेमके मागे काही दिसत नाही. म्हणून त्याच्याजवळ खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावे लागते. उपाशी घोड्याला एकदम पोटभर खाऊ घालत नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडा थोडा चारा देतात. ही गोष्ट मला त्या लग्नाच्या दिवशी माहीत असती तर!

लगाम, जीन, नाल, नालबंद, तबेला हे शब्द तुम्ही उर्दूत वापरता. मराठीतही हेच शब्द आहेत. घोड्याची निगा राखणाऱ्यांनी दोन्ही भाषा अशा जवळ आणल्या आहेत.

मित्रांनो, सेवा करायला परदेशी जाण्याची गरज नाही. वाटेत जखमी घोडा किंवा लंगडणारे गाढव दिसले, तर मालकाशी अदबीने बोला. त्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा रस्ता दाखवा. जनावरावर बेसुमार ओझे लादणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही त्याला समजावून सांगा. मात्र त्याच्या घरची चूलही त्याच जनावरावर पेटते, हे विसरू नका. आणि काही खाऊ घालण्यापूर्वी विचारा. चाचांनी मला हेच तर शिकवले होते.

शब्दार्थ
माया – प्रेम, शफकत
अधाशासारखा – हावरेपणाने
पोटशूळ – पोटातील तीव्र वेदना
विनामूल्य – मुफ्त
खरारा करणे – घोड्याचे अंग घासून साफ करणे
निगा – देखभाल

स्वाध्याय
१. लेखकाने केलेली नेकी घोड्याला का बाधली?
२. डोरोथी ब्रुक यांनी गरिबांसाठी कैरोत दवाखाना का काढला?
३. 'तुझी माया खरी आहे. पण आधी मला विचारायचे होतेस.' या वाक्यातून तुम्ही काय शिकलात? पाच-सहा ओळींत लिहा.
४. तुमच्या गावातील एखाद्या टांगेवाल्याला किंवा गाडीवानाला भेटा. तो आपल्या जनावराची काळजी कशी घेतो, ते विचारून वर्गात सांगा.