मुक्कामांची नावे : आओस्ता खोऱ्यातील यात्रामार्ग आणि भाषेचे टिकणे

यात्रेच्या वाङ्मयाचा विचार करू लागलो की आपण अभंगाकडे जातो, स्थळमाहात्म्याकडे जातो, आधुनिक काळापुरते बोलायचे तर प्रवासवर्णनाकडे वळतो. या सर्वांच्या मुळाशी एक अगदी साधा प्रकार असतो आणि अभ्यासकांचे त्याच्याकडे फारसे लक्ष जात नाही. तो प्रकार म्हणजे मुक्कामांची यादी. आज कोठे थांबलो आणि उद्या कोठे थांबायचे, एवढेच तीत असते. दोन वर्षांपूर्वी, इकडे आषाढी वारीच्या दिंड्या निघण्याच्या सुमारास, मी इटलीच्या वायव्य कोपऱ्यातील आओस्ता खोऱ्यात अशाच एका यादीच्या आधाराने पाच दिवस चाललो. त्या चालण्यातून मनात आलेले काही प्रश्न येथे मांडत आहे. ते प्रश्न यात्रेचे कमी आणि भाषेचे अधिक आहेत.

१. यादीचे वाङ्मय

इंग्लंडमधील कँटरबरी येथील आर्चबिशप सिगेरिक इ. स. ९९० मध्ये पदाची वस्त्रे स्वीकारण्यासाठी रोमला गेला. परतीच्या वाटेवरील मुक्कामांची नावे त्याच्या सोबतच्या कोणा लेखनिकाने टिपून ठेवली. रोमपासून क्रम लावलेली ही यादी एका हस्तलिखितात टिकली आहे. तीत ४७ वा मुक्काम ‘अगुस्ता’, म्हणजे आजचे आओस्ता. ४८ वा सां-रेमी. ४९ वा मुक्काम आल्प्सची खिंड ओलांडून पलीकडच्या उतारावर पडतो. खिंडीत बर्फ होते काय, कोणी आजारी पडले काय, याविषयी एक शब्दही नाही. केवळ नावे आहेत. असे असूनही ‘फ्रँकांच्या देशातून येणारी वाट’ या अर्थाने ‘व्हिया फ्रांचिजेना’ म्हणून ओळखला जाणारा आजचा पदयात्रामार्ग मुख्यतः या कोरड्या यादीवर उभा आहे. युरोपच्या परिषदेने १९९४ मध्ये त्याला सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला.

मराठीला हा प्रकार परका नाही. महानुभावांची ‘स्थानपोथी’ आठवावी. श्रीचक्रधर जेथे जेथे राहिले, त्या स्थानांची नोंद करणारा हा ग्रंथ. सिगेरिकचा लेखनिक गावाचे नाव देऊन पुढे जातो. स्थानपोथी मात्र दार कोणत्या दिशेला, देऊळ कोणत्या बाजूस, हेही सांगते. पहिल्याला घरी पोचायचे होते, दुसरीला मागून येणाऱ्याला नेमक्या जागी उभे करायचे होते. हेतू बदलला की यादीचे गद्य कसे बदलते, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यास यापेक्षा सोपी जोडी क्वचितच मिळेल.

शब्दांचा भेदही लक्षात घेण्याजोगा आहे. युरोपीय भाषांत यात्रेकरूला असलेला शब्द लॅटिन ‘पेरेग्रीनुस’पासून आला, आणि त्याचा मूळ अर्थ परका, परमुलखातला असा. आपला वारकरी परका नसतो. वारी म्हणजे फेरी, पुन्हा पुन्हा जाणे. ज्याला गाव ओळखते आणि जो गावाला ओळखतो, तो वारकरी. मी त्या खोऱ्यात वारकरी नव्हतो, पेरेग्रीनुस होतो, हे आरंभीच सांगितलेले बरे.

२. खिंडीपासून खाली

ग्रेट सेंट बर्नार्ड ही खिंड २,४६९ मीटर उंचीवर आहे. तळ्याच्या एका काठाला स्वित्झर्लंड, दुसऱ्या काठाला इटली. स्विस बाजूला अकराव्या शतकाच्या मध्यास स्थापन झालेले पांथस्थगृह आहे आणि तेथील धर्मबंधू आजही वाटसरूला उतरू देतात. ख्रिस्तपूर्व परंपरेत येथे ज्युपिटरचे देऊळ होते. त्या जागी काशाच्या लहान पट्ट्या सापडल्या आहेत. सुखरूप जाणे-येणे घडो किंवा घडले, म्हणून वाटसरूंनी वाहिलेले ते नवस. देव बदलला, नवस तोच राहिला.

जूनच्या अखेरीसही सावलीच्या कडांना बर्फ होते. उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते. चढणीपेक्षा उतरण कठीण, हे घाटातील माणसाला सांगावे लागत नाही, पण पन्नाशी ओलांडल्यावर ते नव्याने कळते. सां-रेमीनंतर गवताळ उतार संपून देवदारासारखे उंच सूचिपर्णी वृक्ष लागतात. पहिला मुक्काम एशेव्हनो या वस्तीत पडतो. दुसऱ्या दिवशी वाट बराच वेळ ‘रू’च्या काठाने जाते. रू म्हणजे डोंगराच्या कुशीतून जवळजवळ सपाटीने नेलेला पाण्याचा पाट. हिमनद्यांचे पाणी उन्हाळ्यात शेतांना मिळावे म्हणून मध्ययुगातील शेतकऱ्यांनी हे पाट काढले. आपल्याकडे कुळागराला पाणी फिरवणाऱ्या माणसाला या पाटांचे गणित चटकन समजेल. उतार जास्त झाला तर पाणी काठ खाते, कमी झाला तर गाळ बसतो.

आओस्ता शहर रोमनांनी इ. स. पू. २५ मध्ये वसवले. तेथून पुढे वाट दोरा बाल्तेआ नदीच्या सोबतीने शातियों, व्हेरेस असे मुक्काम करीत खाली उतरते. दोनास येथे रोमन रस्त्याचा काही भाग सलग खडक फोडून काढलेला आहे. गाड्यांच्या चाकोऱ्या दगडात उतरल्या आहेत आणि आओस्तापासून ३६ मैल अंतर दाखवणारा आकडा खडकातच कोरला आहे. पाचवा मुक्काम पाँ-सां-मार्तां येथील जुन्या रोमन पुलापाशी. एकूण चाल सुमारे ९० किलोमीटर.

३. नावे गेली, नावे परतली

वर आलेली बहुतेक नावे फ्रेंच वळणाची आहेत, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. हे खोरे राजकीयदृष्ट्या इटलीत असले तरी सोळाव्या शतकापासून तेथील दप्तराची भाषा फ्रेंच होती. फॅसिस्ट राजवटीत फ्रेंच शाळांतून हद्दपार झाली आणि १९३९ मध्ये गावांची नावेही इटालियन करण्यात आली. शातियोंचे ‘कास्तिल्यॉन दोरा’ झाले, पाँ-सां-मार्तांचे ‘पोंते सान मार्तिनो’. ला थुइल या गावाला तर राजवटीचा गौरव करणारे ‘पोर्ता लित्तोरिया’ असे नाव मिळाले. हुकूम काढणाऱ्यांनी केवळ पाट्या बदलल्या नव्हत्या. हजार वर्षे चालत आलेल्या यादीतील शब्द बदलले होते.

महायुद्ध संपल्यावर जुनी नावे परत आली. १९४८ च्या विशेष कायद्याने खोऱ्याला स्वायत्तता मिळाली, फ्रेंचला इटालियनच्या बरोबरीचे स्थान मिळाले आणि शाळेत दोन्ही भाषांना सारखे तास देण्याची तरतूद झाली. आपल्यापैकी कोणालाही हेवा वाटावा अशी ही तरतूद आहे. मलाही वाटला.

४. कायद्याची भाषा आणि चुलीची भाषा

तो हेवा एशेव्हनोच्या वाटेवरील एका घरात ओसरला. मी उतरलो होतो त्या घरातील आजी माझ्याशी इटालियन बोलत होत्या. वडिलांच्या पिढीकडून कानावर पडलेल्या पोर्तुगीजच्या जोरावर मला त्यातले निम्मे समजत होते. दारावरची पाटी फ्रेंच होती. त्या कोंबड्यांना हाक मारीत होत्या ती मात्र तिसऱ्याच भाषेत. तिला तेथे ‘पातुआ’ म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ तिला फ्रँको-प्रोव्हांसाल म्हणतात आणि फ्रेंचहून वेगळी भाषा मानतात. झाँ-बातिस्त सेर्लोञ या धर्मगुरूने एकोणिसाव्या शतकात तिच्यात कविता लिहिली. “नातवंडांशी कोणत्या भाषेत बोलता?” असे मी विचारले. आजींनी खांदे उडवले आणि म्हणाल्या, “इटालियन.” कोंबड्यांशी पातुआ, नातवंडांशी इटालियन, आणि फ्रेंच पाटीवर.

गोव्यातील मराठीच्या शिक्षकाला हे चित्र अस्वस्थ करील. आपल्या अनेक घरांत बोलणे कोंकणीत, वाचन आणि भजन मराठीत, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तेथेही पातुआ घरात आणि फ्रेंच देवळात, शाळेत अशी वाटणी होती. दोन्ही ठिकाणची परिस्थिती एकच आहे असे मी म्हणणार नाही. मात्र एक गोष्ट तेथे स्पष्ट दिसते. तिसरी भाषा नोकरी, करमणूक आणि मैत्री घेऊन आली, तेव्हा तिने घरच्या व ग्रंथाच्या अशा दोन्ही भाषांची जागा घेतली. त्या दोघींचे आपसांतले मोठेपण तिच्या वाटेत आडवे आले नाही. आपल्याकडे ती तिसरी भाषा इंग्रजी आहे. मराठी आणि कोंकणी यांत मोठी कोण, या वादात आपण जो वेळ घालवला, त्याचा हिशेब या दृष्टीने एकदा मांडला पाहिजे.

कायदा तास देतो, पाटी देतो, अनुदान देतो. या वार्षिकाला जागा मिळते तीही अशा आधारामुळेच, आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण भाषेला लागते ते रोजचे काम. फ्रेंचकडे तेथे तास आहेत, काम थोडे आहे. आपल्या मराठीकडे आजही भजन, जत्रेतले नाटक, वर्तमानपत्र आणि वारी हे काम आहे. ते सुटले तर कितीही तास पुरणार नाहीत.

५. एक राहून गेलेली यादी

माझ्या आईने गोव्याहून पंढरपूरची पायी वारी अनेकदा केली. घरी ती कोंकणी बोले, पण मुक्कामांची नावे सांगू लागली की आपोआप मराठीत जाई. कोणत्या गावी पाणी गोड, कोठे शाळेच्या ओसरीवर निजायचे, कोणत्या घरची भाकरी ठरलेली, हे सर्व त्या नावांना जोडलेले असे. ती गेली त्याला नऊ वर्षे झाली. आओस्ताच्या वाटेवर मी तिची यादी मनात म्हणू लागलो आणि सहाव्या नावाशी अडलो. मी साहित्याचा डॉक्टर. सिगेरिकच्या निनावी लेखनिकाने केले तेवढेही माझ्या हातून झाले नव्हते.

परत आल्यावर आईबरोबर चालणाऱ्या एका वृद्ध मावशींकडे वही घेऊन गेलो. त्यांनी चौदा नावे सांगितली. त्यांपैकी दोन मला कोणत्याही नकाशावर सापडली नाहीत. त्यांनी उच्चारली तशीच ती लिहून ठेवली आहेत.

त्यानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला एक स्वाध्याय देतो. घरातील वा शेजारातील ज्येष्ठाने पायी केलेल्या कोणत्याही वाटेचे मुक्काम क्रमाने लिहून आणावेत. वारी असो, जत्रा असो, माहेरची वाट असो. नावे बोलणाऱ्याच्या उच्चारातच लिहायची. बसच्या पाटीवर ‘सांकेलिम’ आणि ‘बिचोलिम’ असते, पण आजी साखळी आणि डिचोली म्हणते. लिहायचे ते आजीचे. प्रत्येक नावापुढे एकच वाक्य, स्थानपोथीसारखे : थांबण्याची जागा कोठे, तोंड कोणत्या दिशेला. गेल्या वर्षी एका मुलाने अवघी तीन नावे आणली. आजोबांना तेवढीच आठवली, असे म्हणाला. त्याला मी पूर्ण गुण दिले आणि पुढच्या रविवारी पुन्हा आजोबांकडे जायला सांगितले.