किल्लीचं आधी ठरव

पोरी, चेन्नईत मैलापुरात भाड्यानं घर घेतेस हे ऐकून बरं वाटलं. देवळाच्या घंटा ऐकत उठशील, लझच्या कोपऱ्यावर भाजी-फुलं सगळं मिळेल. पण अ‍ॅडव्हान्स देण्याआधी तुझ्या मावशीचं थोडं ऐक.

१९७९ साली लग्न होऊन मी इथे आले, तेव्हा साउथ माडा स्ट्रीटच्या मागे आमचं एक 'पोर्शन' होतं. एका जुन्या घरात चार बिऱ्हाडं. गच्चीचा जिना आमच्या मागच्या व्हरांड्यातून जायचा. ओनर मामी पहाटे वडाम, म्हणजे आपले सांडगे, वाळत घालायला त्याच वाटेनं वर जायच्या. चार वर्षं मी न्हाणीघराचं दार उघडायच्या आधी कान देऊन ऐकायची, बाहेर पावलं वाजतात का. माणसं वाईट नव्हती गं. माझ्या बाळंतपणात रसम-भात त्यांच्याच घरून यायचा. म्हणून तर बोलता आलं नाही. घुसखोर मालकाला अडवता येतं, प्रेमळ मालकाला 'आत्ता नको' म्हणायला जीभ रेटत नाही. त्यासाठीच सगळं आधी ठरवायचं, नातं जुळण्याआधी.

घर बघायला जाशील तेव्हा भिंतींचा रंग मागाहून बघ. मालकाची कुठली वाट तुझ्या घरातून जाते ते आधी बघ. गच्चीची किल्ली कुणाकडे, पाण्याच्या मोटरचा खटका कुठल्या भिंतीवर, संपचं, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं, झाकण तुझ्या अंगणात आहे का. हा खटका तुझ्या स्वयंपाकघरात असेल तर मेट्रो वॉटरचं नळाचं पाणी आलं की रोज कुणीतरी दार वाजवणार. तो बाहेर काढून द्यायला सांग. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि कुलूपबंद खोली. इथे ही फार जुनी चाल आहे. मुलगा अमेरिकेत, आईवडील त्याच्याकडे ये-जा करतात, घर भाड्यानं देतात पण एका खोलीत स्वतःचं सामान ठेवून कुलूप लावतात. तिथल्या परणावर, म्हणजे माळ्यावर, नवरात्रातल्या गोलूच्या बाहुल्यांच्या पेट्या असतात. भाडं कमी म्हणून आपण हो म्हणतो. मग भाद्रपदात मालक मामा पेट्या काढायला येतात, मार्गळी महिन्यात रेशमी साड्या काढायला, मध्येच कुठले तरी कागद शोधायला. अशी खोली शक्यतो घेऊच नकोस. घेतलीसच तर करारात लिहून घे: खोलीत काय आहे, वर्षातून किती वेळा उघडणार, आधी किती दिवस कळवणार, आणि उघडताना तू घरात असणार.

करार लेखीच हवा. तामिळनाडूचा घरमालक-भाडेकरूंचा नवा कायदा २०१७ चा, तो २२ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. त्यात मालकाच्या येण्याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे: निदान २४ तास आधी लेखी कळवायचं, येण्याचं कारण सांगायचं आणि दिवस-वेळ सांगायची, तीही सकाळी ७ ते रात्री ८ मधली. कारणं म्हणजे दुरुस्ती, घर राहण्याजोगं आहे का याची पाहणी, किंवा करारात लिहिलेलं दुसरं रास्त कारण. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात 'वाजवी वेळी, पूर्वसूचना देऊन' एवढंच आहे, तासांचा आकडा नाही. त्या बाबतीत तू पुण्यापेक्षा इथे बरी. पण एजंटच्या छापील मसुद्यात 'मालक कोणत्याही वाजवी वेळी येऊ शकेल' असं एक वाक्य हमखास असतं. ते खोडून २४ तासांचं लिहायला लाव. करार रेंट अथॉरिटीकडे नोंदवून नंबर घे. मालक टाळाटाळ करायला लागला तर दुसरं घर बघ. नोंद नसेल तर उद्या तुझ्या म्हणण्याला वजन राहत नाही.

किल्लीचं सगळ्यात महत्त्वाचं. राहायला गेल्यावर मालकाला सांगून मुख्य दाराचं कुलूप बदल. जुनं जपून ठेव, सोडताना परत बसवून दे. अडीअडचणीला एक किल्ली द्यावीच लागली तर पाकिटात घालून चिकटव आणि जोडावर सही कर. सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्लीत शकरपूरला एका मुलीच्या खोलीत आणि न्हाणीघरात बल्बच्या होल्डरमध्ये कॅमेरे सापडले. परीक्षेचा अभ्यास करायला आलेली मुलगी. गावी जाताना ती किल्ली मालकाच्या मुलाकडे ठेवून जायची, अटक त्यालाच झाली. हे वाचल्यावर मला दोन रात्री झोप नव्हती. गावाहून परत आलीस की होल्डर, गीझरभोवतीची जागा, एक्झॉस्ट पंखा नीट बघत जा. काही सापडलं तर हात लावू नकोस, ११२ ला फोन कर.

कुणी न सांगता दारात आलं तर भांडायचं नाही. साखळी लावूनच दार उघडायचं आणि म्हणायचं, "मामा, फोन पण्णिट्टु वांगो." फोन करून या. हे वाक्य पाठ कर, त्यातला 'वांगो' आदराचा आहे, कुणाला लागत नाही. त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिही: शनिवारी सकाळी अकरा वाजता या, मी घरी आहे. वेळ देताना राहुकाळ टाळ. शनिवारी नऊ ते साडेदहा आणि रविवारी साडेचार ते सहा म्हातारी माणसं कामाला बाहेर पडत नाहीत, मग ती आपल्या सोयीनं भलत्याच वेळी येतात. पाइप फुटला किंवा तारेतून धूर आला तर मात्र २४ तास मोजत बसू नकोस, लगेच आत घे.

खाण्यापिण्याची अट असेल तर घर घेण्याआधी तोंडावर विचारून घे. पटली नाही तर ते घर सोड. मान्य केलीस तर पाळ. पण पाळतेस की नाही ते बघायला तुझा फ्रिज उघडायचा हक्क कुणाला नाही.

नाही म्हटलं म्हणून कुणी पाणी किंवा करंट तोडला तर घाबरू नकोस. कायद्यानं ते करता येत नाही, रेंट अथॉरिटीकडे अर्ज द्यायचा. घर सोडायची नोटीस दिलीस की नवी गिऱ्हाइकं घर बघायला येतात, त्यांच्यासाठी आठवड्यातले दोन तास नेमून दे आणि तेवढ्यापुरते दागिने, कागद कपाटात बंद कर.

आता माझ्या वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत, आणि त्यांच्या परणावर माझ्या गोलूच्या पेट्या आहेत. मागच्या वर्षी फोन केला तर त्यांतली मुलगी म्हणाली, आज नको काकू, परवा या. दोन दिवस मला करमलं नाही, कारण फळ्या धुऊन गोलूच्या पायऱ्या मांडायच्या होत्या. पण परवाच गेले. तिनं आधीच पेट्या खाली काढून दाराशी पुसून ठेवल्या होत्या.

मसुदा आला की सही करण्याआधी मला फोटो पाठव. चष्मा लावून वाचते.