बोलण्यापूर्वी ऐकावे

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला चंदगड तालुका आहे. पूर्वी तो बेळगाव जिल्ह्यात मोडत असे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा तो कोल्हापूर जिल्ह्यास जोडण्यात आला. सह्याद्रीच्या कुशीतील या डोंगराळ प्रदेशात आषाढ-श्रावणात पावसाची झड लागते. ताम्रपर्णी व घटप्रभा या नद्या दुथडी भरून वाहू लागतात. वाऱ्याने झाडे उन्मळून पडतात, विजेचे खांब आडवे होतात, सखल पुलांवर पाणी चढते. अशा रात्री एखाद्या वाडीत कोणी अत्यवस्थ झाले, तर ती वार्ता तालुक्याच्या गावी पोहोचवायची कशी? तार तुटलेली, वाट बुडालेली. मोकळे असते ते केवळ आकाश. या आकाशमार्गाने निरोप नेणारे साधन म्हणजे बिनतारी यंत्र.

बिनतारी यंत्राचे तत्त्व समजण्यास सोपे आहे. शांत तळ्यात खडा टाकला, की पाण्यावर तरंग उठतात व काठापर्यंत जातात. त्याचप्रमाणे प्रेषक यंत्रातून विद्युतचुंबकीय लहरी निघून चहूकडे पसरतात आणि दूरचे ग्राहक यंत्र त्या टिपून घेते. एका सेकंदात जितक्या लहरी निघतात, त्या संख्येला वारंवारता असे म्हणतात. दोन्ही यंत्रांची वारंवारता जुळली, म्हणजे संदेश ऐकू येतो. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात या लहरींचा प्रयोग लोकांसमक्ष करून दाखविला. त्यांनी सोडलेल्या लहरी भिंतींतून आरपार गेल्या आणि पलीकडील घंटा वाजली!

परंतु प्रत्येक अडथळा काही असा सहज पार होत नाही. लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या जाड भिंती, तळघरे आणि डोंगर यांच्यामुळे लहरी क्षीण होतात. म्हणून उंच टेकडीवर किंवा इमारतीच्या माथ्यावर पुनःप्रक्षेपक बसवितात. तो क्षीण झालेला संदेश घेतो आणि बळकट करून पुढे पाठवितो. मोठ्या इमारतीत असे यंत्र बसविल्यावर तळघरापासून गच्चीपर्यंत हिंडून आवाज कोठे पोहोचतो व कोठे पोहोचत नाही, हे आधीच पाहून ठेवावे लागते. आग लागल्यावर ही तपासणी करण्यास सवड नसते.

आज पोलीस ठाणी, अग्निशमन दले, वनखाते, रेल्वे, कारखाने व रुग्णालये अशा अनेक ठिकाणी बिनतारी यंत्रे वापरली जातात. हातात मावणाऱ्या यंत्रास वॉकीटॉकी म्हणतात. तिच्यावर बोलताना कळ दाबून धरावी लागते आणि ऐकताना ती सोडावी लागते. एका वारंवारतेवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. एखाद्याने कळ उगाच दाबून धरली, तर इतर सर्वांची वाट अडते. विहिरीवर एकच रहाट असावा आणि तो एकानेच अडवून ठेवावा, तसे हे होते.

असे झाले तर केवढा अनर्थ ओढवतो, हे १४ एप्रिल १९१२ च्या रात्री जगाला कळून आले. ‘टायटॅनिक’ ही प्रचंड आगबोट अटलांटिक महासागरातून चालली होती. तिचा संदेशक प्रवाशांचे खासगी निरोप किनाऱ्याकडे पाठविण्यात गढला होता. इतक्यात ‘कॅलिफोर्नियन’ नावाच्या दुसऱ्या बोटीने बर्फाची सूचना दिली. आपल्या कामात व्यत्यय आला म्हणून टायटॅनिकच्या संदेशकाने त्या बोटीच्या संदेशकालाच गप्प बसण्यास सांगितले. तो बिचारा थोड्या वेळाने यंत्र बंद करून झोपी गेला. त्यानंतर काही मिनिटांतच टायटॅनिक हिमनगावर आदळली. मदतीची हाक आकाशात घुमू लागली. पण कॅलिफोर्नियनवर ती ऐकण्यास कोणी जागे नव्हते. अधिक दूर असलेल्या ‘कार्पेथिया’ बोटीचा संदेशक मात्र निजण्याच्या तयारीत असूनही कानाला यंत्र लावून बसला होता. त्याने हाक ऐकली आणि त्यामुळे सातशेहून अधिक माणसे वाचली. सुमारे दीड हजार माणसांना जलसमाधी मिळाली. यानंतर १९१४ साली लंडन येथे अनेक राष्ट्रांनी करार केला आणि मोठ्या बोटींवर अहोरात्र कोणीतरी ऐकत असले पाहिजे, असा दंडक घातला.

आकाश सर्वांचे आहे, म्हणूनच त्याच्या वापरास नियम हवेत. आपल्या देशात १९३३ साली बिनतारी यंत्रांविषयी कायदा झाला. परवान्यावाचून असे यंत्र बाळगण्यास त्याने मनाई केली. एके काळी घरातील रेडिओसाठीसुद्धा टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे. जुन्या कायद्यांच्या जागी संसदेने २०२३ साली नवा दूरसंचार कायदा संमत केला. पोलीस, विमाने, जहाजे यांना निरनिराळ्या वारंवारता नेमून दिलेल्या असतात. त्यांत इतरांनी शिरणे हा अपराध होय. शाळेतील संगणक जोडणाऱ्या वाय-फायसारख्या अल्पशक्तीच्या यंत्रांना मात्र ठरावीक वारंवारतांवर वेगळा परवाना लागत नाही.

कायद्याखेरीज शिस्तीचेही काही नियम आहेत. आधी ऐकावे, वाट मोकळी असेल तरच बोलावे. कळ दाबून क्षणभर थांबावे. ज्याला बोलावयाचे त्याचे नाव प्रथम घ्यावे, मग आपले सांगावे. थोडक्यात व स्पष्ट बोलावे. आकडे एकेक करून उच्चारावेत. ऐकणाऱ्याने संदेश पुन्हा म्हणून दाखवावा. संकटात सापडलेल्याची हाक ऐकू येताच इतरांनी आपले बोलणे थांबवावे.

चंदगडच्या मुसळधार पावसात दूरच्या वाडीवरून एक क्षीण आवाज येतो. तो ठाण्यापर्यंत पोहोचतो, तो केवळ यंत्राच्या बळावर नव्हे. त्या क्षणी इतर सारे गप्प राहिलेले असतात आणि ठाण्यात कोणीतरी कान देऊन बसलेले असते, म्हणून तो पोहोचतो.

स्वाध्याय
१. पुनःप्रक्षेपकाची गरज कोठे व का भासते?
२. ‘कॅलिफोर्नियन’ व ‘कार्पेथिया’ यांच्या संदेशकांच्या वर्तनाची तुलना करा. कॅलिफोर्नियनच्या संदेशकास दोष देणे योग्य होईल काय?
३. ‘विहिरीवरील एकच रहाट’ ही उपमा पाठात कशासाठी योजली आहे?
४. वाक्यांत उपयोग करा : दुथडी भरून वाहणे, अनर्थ ओढवणे, कान देणे.