आयपी पत्त्यावरून गाव शोधताना

नागपुरातील एखाद्या शाळेच्या संगणकावरून संकेतस्थळ उघडावे आणि पडद्यावर शहर म्हणून ‘मुंबई’ असे नाव उमटावे, असा अनुभव अनेकांना येतो. हवामानाच्या माहितीपुरते असे झाले तर ते हसण्यावारी नेता येईल. परंतु त्याच उत्तराच्या आधारे एखाद्या ग्रामस्थाचा ऑनलाइन अर्ज ‘जिल्ह्याबाहेरून आलेला’ म्हणून बाजूला ठेवण्यात आला, तर त्याचे नुकसान खरे असते. म्हणूनच हे उत्तर कोठून येते आणि त्यावर कितपत विसंबावे, हे संकेतस्थळ चालविणाऱ्या कार्यालयांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

पत्त्याचे क्रमांक आपल्याला नवे नाहीत. डाक खात्यातील अधिकारी व संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिन क्रमांकांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ४४०००१ या क्रमांकातील पहिले तीन अंक टपाल नागपूरपर्यंत आणतात आणि शेवटचे तीन अंक डाकघर ठरवितात. हा क्रमांक जमिनीशी बांधलेला आहे. माणूस गाव सोडून गेला तरी क्रमांक गावातच राहतो.

आयपी पत्ता मात्र जमिनीला नव्हे, तर संस्थेला दिलेला असतो. जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. त्यांचे गट जागतिक संस्थेकडून पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांकडे जातात. आपल्या भागाची संस्था ‘एपनिक’ ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे आहे. भारतात २०१२ पासून ‘निक्सी’ या संस्थेच्या अखत्यारीतील राष्ट्रीय नोंदणी कार्यालय हे काम पाहते. गट घेणाऱ्या कंपनीचे नाव आणि तिच्या कार्यालयाचा पत्ता नोंदविला जातो. ग्राहकाचे गाव नव्हे. आज नागपुरात दिलेला पत्ता कंपनी उद्या नाशिकला देऊ शकते. मोबाइलच्या बाबतीत तर असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात आणि त्यांची वाहतूक दुसऱ्याच शहरातून बाहेर पडू शकते. नागपूरचे मुंबई होते ते असे.

या नोंदी, जाळ्यांची मोजमापे आणि इतर खुणा एकत्र करून काही कंपन्या पत्त्यांचे कोश तयार करतात. अमेरिकेतील ‘मॅक्समाइंड’ कंपनीचा ‘जिओलाइट२’ हा त्यांपैकी विनामूल्य मिळणारा व बराच वापरला जाणारा कोश. डिसेंबर २०१९ च्या अखेरीपासून तो उतरवून घेण्यासाठी खाते उघडून परवाना-किल्ली घ्यावी लागते. कोश देश, शहर आणि जाळे अशा निरनिराळ्या फायलींत मिळतो. तो वाचण्यासाठी तयार आज्ञावलींचा संच, म्हणजे लायब्ररी, लागते. पायथन भाषेत तिचे नाव ‘जिओआयपी२’ असून ‘पिप’च्या साहाय्याने ती एका ओळीच्या आज्ञेत बसविता येते. कोशाची फाइल सर्व्हरवर ठेवावी, आज्ञावली सुरू होताना ती एकदाच उघडावी आणि प्रत्येक चौकशीसाठी पुन्हा पुन्हा उघडू नये. नाहीतर वेळ त्यातच जातो. शोध आपल्याच सर्व्हरवर होत असल्याने नागरिकाचा पत्ता बाहेरच्या कोणाकडे पाठवावा लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा होय.

अडचणी बहुधा तीन ठिकाणी येतात. १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते हे कार्यालयाच्या आतले, खाजगी पत्ते होत. त्यांना कोशात गाव नसते व लायब्ररी ‘पत्ता सापडला नाही’ असा दोष कळविते. आज्ञावलीने तो दोष झेलून पुढे जावे, पान बंद पडू देऊ नये. दुसरे, संकेतस्थळापुढे मध्यस्थ सर्व्हर असेल तर सर्व अभ्यागतांचा पत्ता एकच दिसतो. अशा वेळी मध्यस्थाने पुढे पाठविलेला मूळ पत्ता घ्यावा. मात्र तो आपल्याच मध्यस्थाने लिहिलेला असावा, कारण बाहेरून खोटा पत्ता लिहून पाठविणे अवघड नाही. तिसरी अडचण भाषेची. कोशातील नावे आठ भाषांत आहेत. त्यांत ना मराठी आहे ना हिंदी. प्रत्येक गावाला कोशात स्वतंत्र क्रमांक असतो. त्या क्रमांकासमोर मराठी नावांचा तक्ता कार्यालयाने एकदा करून ठेवला की काम भागते. हे काम एखाद्या शाळेतील मुलेही आनंदाने करतील.

कोश शिळा होतो, हेही ध्यानी असावे. नवी आवृत्ती आल्यापासून ३० दिवसांच्या आत जुनी काढून टाकण्याची परवान्याची अटच आहे. त्यासाठी ‘जिओआयपीअपडेट’ हा कार्यक्रम ठरावीक वेळी आपोआप चालेल अशी योजना करावी.

उत्तरात देश, राज्य व शहर यांबरोबर अक्षांश-रेखांश आणि किलोमीटरमधील अचूकतेची त्रिज्या येते. खरे ठिकाण त्या वर्तुळात असण्याचा भरवसा सुमारे ६७ टक्के धरलेला असतो. म्हणजे तीनांत एकदा ते बाहेरच! पुष्कळ ठिकाणी ही त्रिज्या वाचलीच जात नाही आणि नकाशावरचा ठिपका तेवढा खरा मानला जातो.

याचे परिणाम अमेरिकेतील कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळच्या एका शेतघराला भोगावे लागले. देशापलीकडे काही कळले नाही की कोश देशाच्या मध्याजवळचा ठिपका देई आणि तो त्या शेतात पडे. ६० कोटींहून अधिक पत्ते त्या एका घराशी जोडले गेले. चोर, फसवे लोक यांच्या शोधात पोलीस तेथे येत राहिले. २०१६ मध्ये हा प्रकार उजेडात आल्यावर ठिपका एका जलाशयात हलविण्यात आला.

असा ठिपका भारतासाठीही आहे. देशाचा मध्य म्हटला की नागपूरकरांना शून्य मैलाचा स्तंभ आठवेल, परंतु ठिपका तेथे नाही. जुन्या कोशांत तो २० अंश उत्तर, ७७ अंश पूर्व असा होता. म्हणजे वाशीम शहरापासून नैर्ऋत्येला वीसेक किलोमीटरच्या आत. पुढील कोशांत तो २२ अंश उत्तर, ७९ अंश पूर्व यांच्या लगत, छिंदवाड्याजवळ, नागपूरच्या उत्तरेस सरळ रेषेत सुमारे ९५ किलोमीटरवर आला. त्याभोवती १,००० किलोमीटरचे वर्तुळ काढले तर नागपूर आणि मुंबई दोन्ही त्यातच येतात. वऱ्हाडातील एखाद्या शिवारात ठिपका दिसला म्हणून तेथील माणसावर संशय घेणे किती अन्यायाचे होईल, हे वेगळे सांगावयास नको.

पानाची भाषा आधी सुचविणे, कोणत्या राज्यांतून किती लोक संकेतस्थळ पाहतात याचा ढोबळ आढावा घेणे, परदेशातून अचानक वाढलेली वर्दळ टिपणे, या कामांसाठी हे साधन चांगले आहे. अर्जदार गावचा रहिवासी आहे किंवा नाही, हे मात्र त्यावरून ठरवू नये. त्यासाठी अर्जातच गाव, तालुका आणि पिन क्रमांक विचारावा व कागदपत्रांवरून पडताळावा. आयपीवरून आलेले शहर नोंदवावयाचेच झाले, तर ‘अंदाजे’ असा शब्द आणि शेजारच्या रकान्यात त्रिज्या लिहावी, म्हणजे पुढे ती नोंद वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ठिपक्याऐवजी वर्तुळ दिसेल.