एम.आर.आय. अहवालातील पांढरे ठिपके : अर्थ आणि उपाय

मेंदूच्या एम.आर.आय. तपासणीचा अहवाल हाती पडला की नातेवाइकांची नजर प्रथम शेवटच्या निष्कर्षाकडे जाते. तेथे ‘क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ असे शब्द आढळल्यास काही जण ‘वयाचे असेल’ म्हणून अहवाल कपाटात ठेवून देतात, तर काही जण स्मृतिभ्रंश आता अटळच आहे असे समजून खचून जातात. हे दोन्ही समज रुग्णाच्या हिताचे नाहीत. म्हणून या शब्दांचा अर्थ आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

मेंदूच्या खोल भागात रक्त पोहोचविण्याचे काम अतिशय बारीक रक्तवाहिन्या करतात. वाढते वय, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि धूम्रपान यांमुळे त्यांच्या भिंती जाड व ताठ होत जातात. परिणामी मेंदूच्या निरनिराळ्या केंद्रांना जोडणाऱ्या तंतूंचे, म्हणजेच श्वेतद्रव्याचे, पोषण कमी पडते. श्वेतद्रव्याच्या अशा ऱ्हासाचे वर्णन ओटो बिन्सवांगर यांनी १८९४ सालीच केले होते. आज तो जिवंत रुग्णाच्या चित्रात दिसू शकतो.

अहवालात प्रामुख्याने तीन खुणांचा उल्लेख असतो. पहिली खूण श्वेतद्रव्यातील पांढऱ्या ठिपक्यांची. ‘फॅझेकास’ श्रेणीनुसार त्यांचे ० ते ३ असे मोजमाप करतात. सुटे ठिपके असलेली श्रेणी १ उतारवयात पुष्कळांत आढळते. ठिपके एकमेकांत मिसळून मोठे पट्टे झाले की श्रेणी ३ होते. दुसरी खूण ‘लॅक्यून’, म्हणजे सुमारे ३ ते १५ मि.मी. आकाराची लहान पोकळी. ती बहुधा पूर्वी होऊन गेलेल्या छोट्या आघाताची असते आणि अनेकदा त्या आघाताचा रुग्णाला पत्ताही लागलेला नसतो. तिसरी खूण ‘मायक्रोब्लीड’, म्हणजे सूक्ष्म रक्तस्रावाचे काळे ठिपके.

केवळ चित्रावरून स्मृतिभ्रंशाचे निदान होत नाही. चालणे मंदावणे, पावले लहान पडणे, विचारास वेळ लागणे, लघवीची घाई होणे, उदासीनता येणे अशी लक्षणे आहेत का, हे पाहावे लागते. घरातील मंडळी अशा बदलांना पुष्कळदा आळस किंवा हट्टीपणा म्हणतात. डॉक्टरांना ते अवश्य सांगावेत.

झालेली हानी भरून काढणारे औषध आज उपलब्ध नाही. मात्र पुढील हानीचा वेग कमी करता येतो. अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ या अभ्यासाचे मेंदूविषयक निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. मधुमेह नसलेल्या, उच्च रक्तदाबाच्या ५० वर्षांवरील रुग्णांत वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात सुमारे चार वर्षांत या ठिपक्यांचे आकारमान ०.९२ घन सें.मी. वाढले, तर १४० च्या खालील उद्दिष्टाच्या गटात १.४५ घन सें.मी. वाढले. अर्थात १२० हे उद्दिष्ट सरसकट सर्वांना लागू नाही. उठताना चक्कर येणाऱ्या, अशक्त वृद्धांचे उद्दिष्ट डॉक्टरांनीच ठरवावे.

औषधांबाबत एक विनंती. अहवालात ठिपके आहेत एवढ्यावरून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये. तसेच मायक्रोब्लीड दिसले म्हणून, डॉक्टरांनी दिलेले रक्त पातळ ठेवणारे औषध परस्पर बंदही करू नये.

तपासणीस येताना जुन्या फिल्म आणि घरी मोजलेल्या रक्तदाबाची वही सोबत आणावी. ‘श्रेणी कोणती, पूर्वीपेक्षा वाढ आहे का, आमचे रक्तदाबाचे उद्दिष्ट किती,’ हे तीन प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. मात्र अचानक तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

तपासणीची मोठी यंत्रे देणगीदारांच्या औदार्यावर उभी राहतात. त्या यंत्राने दिलेल्या सूचनेचे चीज मात्र घरी वेळेवर घेतलेली रक्तदाबाची गोळी, सोडलेली तंबाखू आणि रोजचे चालणे यांनीच होते. यात कुटुंबीयांची साथ आम्हांला मोलाची वाटते.