गतीची जोडी : संगणकाचा प्रोसेसर आणि मेमरी

'वेगवान संगणक' हा शब्दप्रयोग आपण सर्रास करतो. परंतु वेग नेमका कोणाचा, हा प्रश्न क्वचितच विचारतो. संगणकात आकडेमोड करणारा प्रोसेसर वेगळा आणि त्यास माहिती पुरविणारी मेमरी वेगळी. कारखान्याने नेमून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने हे भाग चालविणे, यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांस याचे काय, असे कोणी म्हणेल. पण आज गावपाहणीचे तक्ते, तुळजापूर परिसरातील आराध्यांच्या गाण्यांची ध्वनिमुद्रणे, प्रकल्पांचे अहवाल हे सारे संगणकातच साठविले जाते. नवा संगणक परवडत नाही, तेव्हा आहे त्याचीच गती वाढवावी असा मोह होतो. तो कितपत पुरवावा, हे समजून घेतले पाहिजे.

आपल्या भागातील जुन्या बागायतीचा दाखला घेऊ. मोट विहिरीतून पाणी उपसते, ते थारोळ्यातून पाटाने येते आणि दारे धरणारा गडी ते वाफ्यावाफ्यांत फिरवितो. गडी कितीही चपळ असला तरी पाटाला पाणीच नसेल, तर तो खोरे टेकून उभा राहणार. प्रोसेसर हा दारे धरणारा आणि मेमरी ही मोट होय. प्रोसेसरच्या पोटात कॅश नावाची छोटी मेमरी असते. ती वाफ्याजवळच्या हौदासारखी. हौदातील पाण्यावर भागते तोवर मोटेची वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच नुसते मराठी टंकलेखन करणाऱ्यास मेमरीच्या गतीचा फरक जाणवत नाही. मोठी छायाचित्रे वा चलच्चित्रे हाताळणाऱ्यास तो जाणवू शकतो.

आता थोडे गणित पाहू. डीडीआर४ मेमरीवर '३२००' असा आकडा असतो. तिचे घड्याळ प्रत्यक्षात सेकंदास १६० कोटी ठोके देते आणि प्रत्येक ठोक्यास दोनदा माहिती जाते. तिचा 'सीएल' आकडा १६ असेल, तर मागणी केल्यापासून १६ ठोके, म्हणजे १० नॅनोसेकंद, थांबावे लागते. एकूण विलंब याहून अधिक असतो, पण एवढाच धरला तरी ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची ४० चक्रे वाया जातात. प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर नेला, तर तेवढ्याच वेळात ५० चक्रे वाया जातात! मेमरी '३६००' केली आणि सीएल १८ ठेवावा लागला, तर प्रतीक्षा पुन्हा १० नॅनोसेकंदच. मात्र एका वाहिनीतून सेकंदास २५.६ ऐवजी २८.८ गिगाबाइट माहिती वाहू शकते. म्हणून वेष्टनावरील एकच आकडा पाहून भुलू नये.

ही जोडी जमविण्याचा प्रश्न आपल्या राज्यातील संगणकनिर्मात्यांपुढेही होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकाच्या मेमरीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. तेवढ्यातच सारी आकडेमोड बसवावी लागे. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' सिद्ध झाला. त्यात एकाच प्रोसेसरची गती ताणण्यापेक्षा अनेक प्रोसेसर जोडून, प्रत्येकास स्वतःची मेमरी देण्यावर भर होता. पुण्याचाच 'एक' हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा ठरला. अशा यंत्रांत प्रत्येक प्रोसेसरला वेळेवर माहिती पोचविणे हेही आकडेमोडीइतकेच महत्त्वाचे काम असते.

घरच्या संगणकात ही दोन्ही अंगे एकमेकांत अधिकच गुंतलेली आहेत. मेमरीचे नियंत्रण करणारा भाग आता प्रोसेसरमध्येच असतो. त्यामुळे मेमरीची गती वाढविली की प्रोसेसरवरही भार येतो. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत '३६००' मेमरीचे घड्याळ आणि प्रोसेसरमधील आंतरजोडणीचे घड्याळ दोन्ही १८०० मेगाहर्ट्झवर जुळतात. मेमरी त्यापुढे फार ताणली, तर हा मेळ तुटतो आणि विलंब उलट वाढतो.

पद्धत अशी असावी. प्रथम आपल्या प्रोसेसरला व मदरबोर्डला ही मुभा आहे काय, हे पाहावे. अनेक लॅपटॉपमध्ये ती नसते. हमीच्या अटीही वाचाव्यात. महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी. मग मेमरी मूळ गतीवर ठेवून प्रोसेसर १०० मेगाहर्ट्झच्या पायरीने वाढवावा आणि प्रत्येक पायरीस चाचणी घ्यावी. त्यानंतर प्रोसेसर मूळ गतीवर आणून मेमरीची तशीच परीक्षा घ्यावी. शेवटी दोन्ही एकत्र वाढवून पुन्हा कित्येक तास चाचणी करावी. सुटे सुटे उत्तीर्ण झालेले दोघे एकत्र अनुत्तीर्ण होतात, हा नेहमीचा अनुभव आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत टिपावी, म्हणजे दोष कोठे आहे ते कळते.

उष्णतेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. विजेचा वापर गतीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही १० टक्के वाढविले, तर वापर सुमारे ३३ टक्के वाढतो. शिवाय पंखा खोलीतीलच हवा फिरवितो. धाराशिवला डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत उत्तीर्ण झालेली जुळणी मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत टिकेलच असे नाही. म्हणून आपल्याकडे अखेरची चाचणी उन्हाळ्यातल्या दुपारी घ्यावी.

संगणक बंद पडला तर निदान कळते तरी. खरा धोका न कळणाऱ्या चुकीचा आहे. ताणलेल्या मेमरीत एखादा बिट उलटला, तर पाहणीच्या तक्त्यातील आकडा बदलेल, किंवा ध्वनिमुद्रणाची फाइल खराब होईल. आणि संगणक मात्र सुरळीत चालू राहील. ज्या वृद्ध आराध्याचे गाणे आपण मुद्रित केले, तो पुन्हा गाण्यास असेलच असे नाही. तेव्हा मेमरीच्या चाचणीत एकही चूक आढळल्यास ती गती सोडून द्यावी.

तसेच, बहुतेकांना या साऱ्याची गरजही नसते. मेमरीची एकच पट्टी असल्यास तशीच दुसरी बसवून दोन्ही वाहिन्या चालू कराव्यात, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घालावी आणि आतील धूळ काढावी. ओव्हरक्लॉकिंगचा विचार त्यानंतर करावा, आणि केलाच तर प्रोसेसर व मेमरी दोघांचा मिळून करावा.