कमी पैशात पद्मिनी रस्त्यावर आणताना

जुनी मोटार उभी करायला घेतलेल्यांपैकी बरेच जण अर्ध्यावर थांबतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं. हौसेनं गाडी पूर्ण खोलली जाते, महिनाअखेरीला पैसे संपतात, सुटे भाग पोत्यात जातात, आणि दोन पावसाळ्यांनंतर भंगारवाला दारात येतो. मी कोल्हापुरात १९८०च्या दशकातली एक प्रीमिअर पद्मिनी घरखर्चातून उरेल तेवढ्याच पैशांत रस्त्यावर आणली. ती आज रोज चालते. या कामात जे कळलं ते गाडी घेण्याच्या बेतात असलेल्यांसाठी लिहितो आहे.

१. गाडी घेताना इंजिनाआधी पत्रा बघा.

विकणारा बॉनेट उघडतो, इंजिन चालू करून दाखवतो आणि आपण त्या आवाजावर भाळतो. पण पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नसते. बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखालचे पत्र्याचे बॉक्स, पायाखालचा तळपत्रा आणि मागचे पाटे जिथे बॉडीला जोडले जातात ती जागा, या तीन ठिकाणी गंज खोल गेला असेल तर इंजिन कितीही गोड वाजो, ती गाडी सोडून द्या. इंजिनाच्या खर्चाला अंत असतो. सडलेल्या पत्र्याच्या खर्चाला नसतो, कारण एक भोक कापायला घेतलं की वेल्डिंग धरायला घट्ट पत्रा सापडेपर्यंत कापतच जावं लागतं.

तपासायला फार काही लागत नाही. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक बॉडीवर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली जाड पुट्टी आहे. मॅट उचला आणि तळपत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, भुसभुशीत आला तर समजून जा. मग एका बाजूला जॅक लावून गाडी थोडी उचला आणि त्या बाजूचं दार उघडून लावून बघा. एरवी नीट लागणारं दार आता घासत असेल किंवा त्याची फट तिरकी झाली असेल, तर गाडीची कंबर गेलेली आहे.

दाराखालचा पत्रा बदलावाच लागला तर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करून घ्या. त्या नसतील तर पत्रा कापल्यावर बॉडी दबते आणि मग दार जन्मात नीट बसत नाही. घाईतला डेंटर हे टाळायला बघतो. तुम्ही तिथे उभे राहा.

२. कागद नसलेली स्वस्त गाडी महागच पडते.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५पासून १०,००० रुपये झालं आहे. मुदत उलटली असेल तर उशिराचे दर महिन्याला ५०० रुपये वेगळे, शिवाय पर्यावरण कर आहेच. कित्येक वर्षं शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीचा हा हिशेब सौद्याआधी करा, नंतर नाही. आरसीवरचा इंजिन आणि चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा आणि बँकेचा बोजा उतरलाय का ते विचारा.

५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी मिळते. मात्र तशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. माझी गाडी तेवढी जुनी नाही, पण असती तरी मला ती मंडईला न्यायची होती, म्हणून साधी नोंदणीच ठेवली असती. माझ्या मते कमी पैसेवाल्यानं तेच करावं.

३. गाडी पूर्ण खोलू नका.

एकच सांगायचं तर मी हे सांगेन. एका वेळी एक काम घ्या. ब्रेक घेतले तर ब्रेकच. ते जुळवा, गाडी गल्लीत फिरवून आणा, मगच पुढच्या कामाचे बोल्ट सैल करा. चालत्या गाडीचं काम पैशाअभावी चार महिने थांबलं तरी काही बिघडत नाही. खोललेल्या गाडीचं मात्र रोज काही ना काही जातं. बोल्ट हरवतात, रबर वाळतं, उघड्या पडलेल्या बेअरिंगवर गंज चढतो, आणि कुठला वॉशर कुठे होता हे तुम्ही आणि मिस्त्री दोघंही विसरता. शिवाय घरच्यांना गाडी चालताना दिसली की पुढच्या खर्चाला त्यांची ना नसते. ही गोष्ट लहान नाही.

४. पहिला पैसा ब्रेकवर.

उद्यमनगरातल्या ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे मी गाडी नेली त्यांना सगळे मामा म्हणतात. गाडी गॅरेजात शिरताच ते म्हणाले, "पावणं, आधी थांबायचं बघा, मग पळायचं." पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडरची रबरं आणि होज हे सगळं एकदाच नवं करा आणि जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढून टाका. इंजिन ऑइलचा थेंबही त्यात जाऊ देऊ नका, रबरं फुगतात. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१८ म्हणजे २०१८च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. वाळून चिरलेला टायर नक्षीवर चालवू नये.

५. इंजिन उतरवण्याआधी त्याला विचारा.

बंद पडलेलं इंजिन दिसलं की अनेक गॅरेजवाले सरळ बोअरिंगचं बोलतात. कोल्हापुरात फाउंड्री आणि मशिनशॉप गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे ते काम होतंही चांगलं. पण ते लागणारच आहे का, हे आधी ठरवता येतं.

बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीला आल्या आल्या सेल्फ मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडा आणि गाडी एक-दोन दिवस तशीच राहू द्या. मग टॉप गिअर टाकून दोघांनी गाडी हळूच पुढे-मागे ढकला. अडकलेल्या रिंगा बऱ्याचदा अशाच सुटतात. पुढे इंजिन चालू होऊन गरम झालं की कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचा दाब लिहून घ्या. ज्यात कमी भरला त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हचा आहे, आणि मग फक्त हेड काढून व्हॉल्व्ह घासून घेतले की भागतं. या दोन कामांच्या खर्चात फार मोठं अंतर आहे. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन साधं आणि सोशिक आहे. माझ्या गाडीत दोष व्हॉल्व्हचाच निघाला. इंजिन खाली उतरलंच नाही, आणि वाचलेल्या पैशांत रेडिएटर खोलून साफ झाला.

६. पेट्रोलच्या नळ्या बदला.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. जुनी रबरी नळी आतून फुगते, पंपाचा पडदा कडक होतो, आणि टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेली घाण सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसते. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घाला, टाकी आणि पंप यांच्यामध्ये एक पारदर्शक फिल्टर लावा, आणि गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीनं उभी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

७. वायरिंगमध्ये आधी अर्थिंग.

दिवे मंद, हॉर्न घोगरा, इंडिकेटर लावला की डॅशबोर्डही लुकलुकतो, हे सगळं बहुधा अर्थिंगच्या गंजलेल्या जोडांमुळे होतं. ते पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासा. खर्च जवळपास शून्य. फ्यूज सारखा जातो म्हणून जास्त अँपिअरचा घालू नका. त्यानं गाड्या पेटतात.

८. दिसला तर काच घ्या, बुश नको.

पद्मिनी मुंबईत कुर्ल्याला बनायची आणि टॅक्सी म्हणून दशकानुदशकं धावली. त्या टॅक्सींच्या जिवावर सुट्या भागांचा बाजार टिकून होता. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, आणि आता दुकानदार जुना साठा विकतात, नवा भरत नाहीत. म्हणून मुंबईत कुर्ल्याला किंवा पुण्यात नाना पेठेत गेलात तर पैसे कशावर घालायचे ते आधीच पक्कं असू द्या. बुश, पिन, शाफ्ट हे लेथवर करून मिळतं. काच, टेललाइटची भिंगं, दारांची हँडलं, क्रोमच्या पट्ट्या कुणी करून देत नाही. त्या दिसल्या की घ्या, आज लागत नसल्या तरी. आणि जुना भाग सोबत न्या. मोबाइलवरच्या फोटोवरून मापं जुळत नाहीत.

९. मजुरीत घासाघीस नको.

सुट्या भागात करा, गाडीच्या किमतीत करा. पण सीबी पॉइंटची फट नुसत्या नजरेनं लावणारी, स्टिअरिंगवरच्या गिअरचे दांडे बसवणारी माणसं आता थोडी उरली आहेत आणि त्यांची मुलं या धंद्यात नाहीत. त्यांना मागतील ते द्या आणि काम चालू असताना शेजारी बसा. मामांनी मला कार्ब्युरेटर बसवायला शिकवलं ते असंच, न बोलता, माझ्या हातातून पाना काढून घेत.

१०. रंग सगळ्यात शेवटी.

लोकांना रंग आधी हवा असतो, कारण तो दिसतो. पण नव्या रंगावर पाने घसरतात, वेल्डिंगच्या ठिणग्या पडतात, ब्रेक ऑइल सांडलं की रंग उचकटतो. पत्र्याचं काम झालं की त्यावर प्रायमर मारून गाडी तशीच वापरा, मात्र प्रायमर पाणी शोषतो म्हणून गाडी पावसात उभी ठेवू नका. रंगाची घाई पावसाळ्यात नकोच. हवा दमट असली की चकाकी पांढुरकी पडते. एकेक भाग करून घेतला तरी चालतं, फक्त शेडचा नंबर लिहून ठेवा आणि रंग एकाच दुकानातून घ्या. माझ्या गाडीचं बॉनेट आणि छत झालं आहे. दारं यंदा दसऱ्यानंतर.